खुर्ची कोणी काढली?

मला वाचवलं ते चौथ्या मजल्यावरच्या फ्रेंच आजींनी. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात राग लई आहे आणि रागाच्या भरात माणूस उपकार करणाऱ्यालाच विसरतो. नाव तर मी इथं कुणाचंच घेणार नाही. माझी नोकरी अजून आहे, अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, कंपनीच्या हातात आहे, आणि तो अकामा रद्द होईल ही भीती अंगातून गेलेली नाही. पण पहिला मान आजींचा.

मी कुवेतला, मंगफमधल्या एका सात मजली इमारतीत हारिस होतो. हारिस म्हणजे राखणदार, पण राखण हे त्यातलं सगळ्यात कमी काम. जिने पुसायचे, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं, कचरा खाली न्यायचा, गाडी कुणी कुठं लावली यावरून होणारी भांडणं सोडवायची, आणि लिफ्ट बंद पडली की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. एका कंपनीनं ही सबंध इमारत आपल्या लोकांसाठी घेतलेली. शुऐबाच्या कारखान्यांत जाणारे इंजिनिअर, पुण्याचे, नाशिकचे, काही केरळचे. दोन मजल्यांवर नर्सबाया. मी जालन्याकडचा. नववीत शाळा सोडली, लोखंडाच्या कारखान्यात तापलेल्या सळ्या ओढल्या, आणि मग इकडं आलो.

आजींचा मुलगा शुऐबाला इंजिनिअर. थंडीचे चार महिने त्या त्याच्याकडं राहायला यायच्या. शुक्रवारी मुलगा-सून खैरानला समुद्रावर जायचे. आजी गुडघ्याचं निमित्त करून मागं राहायच्या आणि खाली येऊन माझ्या टेबलाजवळच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. मी स्टुलावर. त्यांचं इंग्रजी सावकाश, माझं मोडकं. जमायचं.

एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही काय काम करायच्या?"

म्हणाल्या, प्रोफेसर होते. विषय, चीनचं राजकारण.

मला हसू आलं. बाई फ्रान्सची, राजकारण चीनचं, आणि बसलीय कुवेतमध्ये हारिसच्या खुर्चीवर. म्हणलं, म्हणजे करायचं काय असतं त्यात? तर म्हणाल्या, कित्येक वर्षं दुसऱ्यांची वर्तमानपत्रं वाचली. तिथं खरं कुणी छापत नसे, म्हणून जे छापलंय त्यावरून न छापलेलं ओळखायचं. फोटोत कोण कुणाच्या शेजारी उभा आहे. गेल्या वर्षी ज्याचं नाव तिसरं होतं ते यंदा पाचवं का आलं. कोण फोटोतून गायबच झालंय.

"हे तर आमच्याकडं लग्नपत्रिका वाचतात तसं झालं," मी म्हणालो.

मग त्यांना समजावून सांगितलं. पत्रिका घरात आली की पोराच्या नावाआधी खालची नावं बघतात. निमंत्रकांत कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली कसं गेलं. माझ्या मामानं एका पत्रिकेवरून सहा वर्षं बोलणं टाकलं होतं. आजींनी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं! मला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचाच राग आला. मी काय संग्रहालयातला नग आहे काय, टिपून घ्यायला?

असो. आता लिफ्टचं सांगतो.

डिसेंबरात लिफ्ट मजल्याच्या खाली थांबायला लागली. कधी चार बोटं, कधी वीतभर. दार उघडायचं, माणूस बेसावध पाय टाकायचा आणि ठेचकाळायचा. मी कंपनीच्या साहेबांना व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला: "साहेब, लिफ्ट वीतभर खाली थांबतेय. माणूस पडंल. मी तळमजल्यावर दारापुढं खुर्ची आडवी लावलीय आणि कागद चिकटवलाय." हे साहेब इमारतीचा कारभार बघायचे. मूळचे पुण्याचे, बोलायला गोड. मला नेहमी म्हणायचे, "तू आपला माणूस आहेस रे, काही लागलं तर थेट मला सांग." आपला माणूस! तो शब्द आता आठवला तरी दात आवळले जातात.

निळ्या खुणा दोन्ही आल्या, म्हणजे साहेबांनी ऐकलं होतं. उत्तर आलं नाही. बाकीच्या मजल्यांवरही मी कागद चिकटवले. लोक कुरकुरत जिन्यानं ये-जा करू लागले. आजीसुद्धा चार मजले कठडा धरून उतरल्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आज माझी खुर्ची कामावर आहे वाटतं."

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. नवीन कुटुंब सहाव्या मजल्यावर यायचं होतं, सोफा घेऊन गाडी दारात उभी होती. "अरे, ती खुर्ची काढ आधी. लोक काय म्हणतील, पहिल्याच दिवशी लिफ्ट बंद? मेकॅनिक उद्या येतोय. काढ, काढ, मी आहे ना."

खुर्ची निघाली. कागद निघाले. सोफा वर गेला. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून आल्या, हातात भाजीच्या पिशव्या. वर दार उघडलं, लिफ्ट वीतभर खाली, त्यांचा पाय अडखळला आणि त्या तोंडावर पडल्या. मनगट मोडलं. त्यांना खाली आणताना मी त्यांचा दुसरा हात धरला होता. त्या रडत नव्हत्या. नुसतं "अय्यो, अय्यो" करत होत्या, आणि वांगी जिन्यावरून घरंगळत खाली चालली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत ऑफिसातला एक माणूस, तो मल्याळी. साहेबांनी मराठीत विचारलं, "काय झालं रे हे?"

आणि मी म्हणालो, "साहेब, चुकलं माझं."

इथं मला थांबून सांगायलाच पाहिजे. 'चुकलं माझं' हे आपण कधी म्हणतो? कुणाला पाय लागला तर म्हणतो. आईचं दूध उतू गेलं आणि ती चिडली, तर आपण घरात नसलो तरी म्हणतो, "बरं बाई, चुकलं माझं." थोरला माणूस तापलाय, त्याला थंड करायचं, म्हणून म्हणतो. त्यात गुन्हा नसतो. त्यात एवढंच असतं की झालं ते वाईट झालं, आता तुम्ही शांत व्हा. जालन्यात पोर बोलायला लागलं की हे शिकतं आणि पुण्यातही शिकत असणारच. मल्याळी माणसाला ते कळलं नसतं, अरबाला कळलं नसतं, तर मी समजू शकलो असतो. पण साहेबांना पक्कं ठाऊक होतं मी काय म्हणालो ते. त्यांनी ते बरोबर उचललं आणि इंग्रजीत नेऊन ठेवलं.

गुरुवारी कागद हातात आला. त्यात लिहिलेलं, मी, या इमारतीचा हारिस, कबूल करतो की लिफ्टमध्ये बिघाड आहे हे माहीत असूनही मी लोकांना सावध केलं नाही. ही माझी चूक असल्याचं मला स्वतःहून उमगलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

"रविवारी सही करून आण," साहेब म्हणाले. "विषय संपवून टाकू. एक समज देतील फार तर. मी आहे ना."

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "काहून सही करता? अन् नाही केली तर?" मंगफमध्ये मी अशी दोन माणसं बघितली होती ज्यांनी 'विषय संपवून टाकू' म्हणून सही केली होती. महिन्याभरात दोघांचा अकामा रद्द, पिशवी हातात आणि विमानतळ. परत येण्याची बंदी वर. माझी पोरगी दहावीला बसणार होती. मी परत गेलो असतो तर कारखान्यातल्या सळ्याही आता मला उचलल्या नसत्या.

शुक्रवारी आजी खाली आल्या. माझं तोंड बघून हात पुढं केला. मी कागद दिला. वाटलं, शिकलेली बाई आहे, म्हणेल इंग्रजी चांगलं आहे.

त्यांनी एकदा वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. मग विचारलं, "आणि खुर्ची कुठंय?"

"काढली ना, मॅडम."

"नाही, या कागदात. तीन दिवस ती खुर्ची लिफ्टपुढं होती. मी तिच्यापायी चार मजले उतरले. या कागदात खुर्ची नाही."

मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, कोणाचाही दबाव नाही यावर, आणि त्यांच्या तोंडून फ्रेंचमध्ये काहीतरी बाहेर पडलं. अर्थ विचारायची गरज पडली नाही. त्यांचा खरा विषय त्या दिवशी कळला. वर्तमानपत्रं पहिल्या काळातली. पुढं त्यांनी आयुष्य घातलं ते कबुल्या वाचण्यात. चीनमध्ये एका काळात माणसांना बसवून स्वतःच्या चुका लिहायला लावत. मास्तर, कामगार, अधिकारी, सगळ्यांना. नाही पटली तर पुन्हा लिही, पाचदा लिही, दहादा लिही. पुढं असे कागद रद्दीत निघाले आणि आजींनी जुन्या बाजारातून ते गठ्ठ्यांनी गोळा केले. हजारो वाचले. म्हणाल्या, "प्रत्येकात ही ओळ होती. मला स्वतःहून उमगलं. कोणी जबरदस्ती केली नाही. जिथं ही ओळ असते, तिथं लिहिणाऱ्याच्या मागं कुणीतरी उभं असतं."

मी म्हणालो, "ते चीनचं झालं. इथं माझा अकामा आहे."

"म्हणून तर आपण दुसरा कागद लिहू. तू सांग, मी इंग्रजी नीट करते. तुझे शब्द बदलणार नाही."

मी सांगायला लागलो. लिफ्ट बिघडली. साहेबांना कळवण्यात आलं. आजींनी हात वर केला. "हू?" कोणी कळवलं? मी कळवलं. बरं. खुर्ची लावण्यात आली. "हू?" मी लावली. मग फोन आला. "हू?" साहेबांचा. शेवटी ते नाव कागदावर घालायला हो म्हणालो. आपल्या बोलण्यात करणारा माणूस किती सहज लपतो हे मला त्या दिवशी कळलं. झालं, गेलं, पडलं, निघालं. सगळं आपोआप. आणि ही बाई समोर बसून घुबडासारखी, हू, हू!

"मग खुर्ची निघाली," मी म्हणालो.

"हू?"

"निघाली, मॅडम! साहेब बोलले आणि निघाली!"

"खुर्ची चालत गेली?"

मी उठलोच. माझा आवाज जिन्यात घुमला असेल. म्हणालो, तुमचं काय जातंय? मार्चमध्ये तुम्ही घरी जाल, तुम्हाला पेन्शन आहे, वही आहे. माझं सगळं या एका कागदावर लटकलंय आणि तुम्ही माझी शाळा घेताय. शाळा मी नववीत सोडली ती अशाच मास्तरांमुळं. निम्मं मराठीत बोललो. त्यांना रागापुरतं कळलं.

त्या रागावल्या नाहीत. गुडघा चोळत बसल्या, आणि मग जे बोलल्या ते मला समजलं तेवढं लिहितो.

त्यांचे वडील एका लहान बंदराच्या गावी पोस्टमन. पोरगी हुशार, वीस-बावीस वर्षांची असताना चिनी शिकायला पेकिंगला गेली. गेली ती भारावून. तिथं गरिबांचं राज्य आलंय असं तिला आणि तिच्या मित्रांना वाटायचं. भाषा शिकवायला एक मास्तर होते, लंगडत चालायचे. चिनी बोलण्यातल्या चार सुरांत तिची जीभ अडकायची, ते न कंटाळता म्हणवून घ्यायचे. एकदा चालता चालता त्या मास्तरांनी एकच वाक्य सांगितलं, की माझ्या गावी माणसं उपाशी मेली. बस. ती परत आली आणि तिनं लेख लिहिला. मास्तरांचं नाव घातलं नाही. फक्त लिहिलं, भाषेचे एक लंगडे शिक्षक.

"लंगडे," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, त्यानं वाक्य जिवंत होईल."

त्या संस्थेत लंगडे शिक्षक एकच होते. त्यांच्याकडून कबुली लिहून घेतली, वर्गातून काढलं, पुढचं कुणी धड सांगितलं नाही. इकडं फ्रान्समध्ये आजींच्या मित्रांनी त्यांना खोटारडी ठरवलं. विद्यापीठात जागा मिळायला खूप वर्षं गेली. चीनचा व्हिसा तर त्याहून जास्त काळ मिळाला नाही. पुस्तकं लिहिली ती थोड्यांनी वाचली. म्हातारपणी कुठं चीनमध्ये काही घडलं की टीव्हीवाले बोलवायचे, आणि सगळं आयुष्य तीन मिनिटांत सांगा म्हणायचे. मास्तरांचा कागद त्यांना कधीच सापडला नाही. दुसऱ्यांचे सापडत गेले, ते त्या वाचत राहिल्या.

"त्यांच्यावर कबुली कोणी आणली?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "सरकारनं, हे खरंय. पण लंगडे हा शब्द कोणी लिहिला? मी. दोन्ही वाक्यं लिहावी लागतात. एक लिहून दुसरं लपवलं की तो कागद लिहून घेणाऱ्यांचा होतो."

मी खाली बसलो. म्हणालो, "खुर्ची मी काढली. साहेबांनी फोनवर सांगितलं, आणि मी माझ्या हातानं काढली. लिफ्ट बिघडलेली आहे हे मला माहीत होतं. नाही म्हणायला पाहिजे होतं. भ्यालो."

त्यांनी तसंच लिहिलं. खाली स्वतःची एक ओळ लिहिली, की मी खुर्ची आणि कागद या या दिवशी डोळ्यांनी बघितले, आणि सही केली. खैरानहून मुलाचा फोन आला, त्यांनी त्याला कागदाचं सांगितलं आणि मला म्हणाल्या, मुलगा म्हणतोय, आई, यात पडू नकोस. त्यांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण फोन फार लवकर बंद झाला.

रविवारी ऑफिसात मोठे मॅनेजर, मिसरचे म्हणजे इजिप्तचे, आणि शेजारी आमचे साहेब. मी त्यांच्या कागदावर सही केली नाही, माझा पुढं ठेवला. साहेबांनी वाचला आणि हसत हसत, मॅनेजरला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "अरे, घरातलं भांडण असं चारचौघांत आणतात होय? त्या म्हातारीनं शिकवलं ना तुला?"

"घर कुणाचं, साहेब?" मी म्हणालो.

"तूच म्हणालास ना, चुकलं माझं? या दोन कानांनी ऐकलंय."

"तुमच्या आईनं कधी ऐकलं नाही का हो तुमच्याकडून?"

"इंग्लिश! इंग्लिश!" मॅनेजर टेबलावर पेन आपटत ओरडले. मग मी फोन काढला, माझा तो आवाज लावला, निळ्या खुणा दाखवल्या. आवाज मराठीत, मॅनेजरला अक्षर कळेना. त्यांनी साहेबांकडं बघितलं, की सांगा काय म्हणतोय. आता साहेबांना स्वतःच्या तोंडानं त्याचं इंग्रजी करावं लागलं. खुर्ची हा शब्द आला तेव्हा ते खाकरले. मी बघत होतो. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मारावं असा नाही. त्यांनी एकदा तरी खाली बघावं असा.

त्यांनी खाली बघितलं नाही.

नोकरी राहिली. मला लेखी समज मिळाली आणि शुऐबाच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या इमारतीत बदली. लिफ्ट दुसऱ्या आठवड्यात नवीन आली. साहेबांना काय मिळालं ते मला माहीत नाही. ते त्याच खुर्चीत आहेत, म्हणजे ऑफिसातल्या, आणि कधी भेटले की म्हणतात, "काय रे, बरं आहे ना? तू आपला माणूस." मी मान हलवतो. ही मान हलते त्याचाही राग येतो.

बदलीआधी आजींनी मला एका कामाला लावलं. म्हणाल्या, कंपनीची कबुली तू नाकारलीस ते बरोबर, पण त्या नर्सबाईंना सांगायला पाहिजे, ते दोन वेगळे हिशेब आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाईंनी प्लास्टरातल्या हातानं दार ढकललं. मी हिंदीत सांगितलं, खुर्ची मैंने हटाई थी. साहब ने बोला, मगर हटाई मैंने.

त्या म्हणाल्या, "तीन हफ्ता हो गया, भैया. आज आया?"

त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं मात्र नाही.

आजी मार्चमध्ये गेल्या, आणि मुलाचंही इथलं काम संपलं. परवा त्यांनी फोनवर एक फोटो पाठवला. त्यांच्या घरातल्या कबुल्यांची खोकी, भिंतीला छतापर्यंत. दुसऱ्या गावच्या एका ग्रंथालयानं ती घ्यायचं कबूल केलंय, पण घर तिसऱ्या मजल्यावर, जिना गोल आणि अरुंद, आणि सामान हलवणाऱ्यांनी पहिलं खोकं उचलतानाच फाडलं. आता त्या स्वतः थोडे थोडे कागद पिशवीतून खाली नेतात. गुडघ्याचं काही लिहिलेलं नव्हतं.

आजी, तुम्हाला मराठी येत नाही, तरी इथं लिहून ठेवतो. तिकडचा व्हिसा मला कसा मिळणार, कोण देणार, काही ठाऊक नाही. पण एक दिवस मी येईन. ती खोकी मी माझ्या खांद्यावरून खाली आणीन, एकेक करून, सगळी. कागद एकही पडू देणार नाही. आणि कुणी विचारलं, ही कोणी उतरवली, तर सांगा, मी उतरवली म्हणून.